लाल दिव्याच्या फितुरीची हकीकत

वाचणारांनी चित्त थाऱ्यावर ठेवोन वाचावे, कारण या मोहिमेत ज्याचे चित्त थाऱ्यावर होते ऐसे माणूस एकच, आणि ते सरकार नव्हेत.

दंतवैद्य सरकार, दाढा-उपट-बहाद्दर, यांणी नऊ वर्षे गॅरेजात खपोन दोन आसनांचे विमान स्वहस्ते सिद्ध केले, आणि तितकीच वर्षे बाईसाहेबांची मोटार बाहेर उन्हात करपली. मग विमानी गाणी वाजवावयाचे यंत्र बसवावे ऐसे सरकारांचे मनी आले, आणि फ्यूज कमी पडला, म्हणोन उडत्या विमानी बॅटरी भरणारा जो अल्टरनेटर, त्याचा फ्यूज दोन मिनिटांकरिता उसना घेतला आणि साफ विसरले. तेच दिवसापासोन वीज कमी असल्याची वर्दी देणारा लाल दिवा पेटो लागला. सरकारांनी तीन वेळा दिवाच बदलला, आणि चवथ्या वेळी दिवा फितूर जाहला ऐसा निवाडा करोन त्याचे तोंडावर काळी टेप मारिली. धन्य ती अक्कल!

मग खासा स्वारी बाईसाहेबांसह आसमानी चढली. थोडक्याच वेळात गाणे रडो लागले आणि रेडिओ घोगरा जाहला. इंजिनाची ठिणगीही बॅटरीचेच जिवावर. बॅटरी सरली की इंजिन बंद, आणि खाली नुसती झाडी.

"अहो, त्या टेपखाली काय आहे?"

"काही नाही गं, खोटारडा दिवा आहे."

बाईसाहेबांनी शेजारील आसनावरोन हात घालोन टेप उपटली. दिवा लालबुंद! सरकारांचे दाढ न दुखता तोंड वासले. मग बाईसाहेबांचे फर्मान सुटले की गाणे बंद, दिवे बंद, फोनास वीज पाजणारी वायर उपसावी, आणि तोंड मिटोन माघारी फिरावे. बाईसाहेबही जिवास भ्याल्या होत्या, परंतु दोघांपैकी एकाने तरी शुद्धीवर असणे जरूर होते. सरकारांनी निमूट तामिली केली, आणि धावपट्टीस चाके टेकतात न टेकतात तोंच इंजिनाने मान टाकिली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. फ्यूज गाण्याचे यंत्रात सापडला. विमानाचे रोजनिशीत विजयाची नोंद करावी म्हणोन सरकारांनी पेन उचलिले, तोंच बाईसाहेबांनी ते हिसकोन लिहिले ते येणेप्रमाणे:

"दिवा निर्दोष. फितूर घरचाच निघाला. तूर्त जिवंत ठेवला आहे."