पलंगाखालचा हेअर ड्रायर

"घरी बसून घर झाडण्यात काय मोठंसं? ते कुणीही करेल! मी रविवारी सासूबाईंच्या घरी सोफ्यावर बसून माझं घर झाडून दाखवणार आहे!"

अपडेटरावांनी ही घोषणा केली तेव्हा ते एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते. ते गिऱ्हाईक बिचारं मशीनवर हनुवटी टेकवून बसलेलं, त्याला मान डोलावून दाद द्यायचीही सोय नव्हती. अपडेटरावांच्या चष्म्याच्या दुकानात हे नेहमीचंच! तुम्ही नंबर काढायला जायचं आणि कुठल्या फोनची बॅटरी फुगते, कुठली कंपनी कुठल्या कंपनीला गिळणार, कुठली इंटरनेट सेवा पहिला महिना फुकट देऊन दुसऱ्या महिन्यात मानगूट धरते, हे सगळं ऐकून बाहेर यायचं. चष्मा मात्र उत्तम मिळायचा, हे कबूल केलं पाहिजे. आणि त्यांच्या सल्ल्याने घेतलेली वस्तू बिघडली अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की स्वतःच्या चकचकीत टकलावरून हात फिरवत ते शांतपणे म्हणायचे, "अपडेट येईल!" त्यावरूनच हे नाव पडलं. आता त्यांचं खरं नाव घेतलं तर कुरियरवालासुद्धा पार्सल परत नेईल.

तर हे नवं खूळ म्हणजे झाडू मारणारा रोबो. जेवणाच्या ताटाएवढा गोल, चार बोटं उंच, पुढे कॅमेरा, कपाळावर दिवा. फोनवरून कुठूनही चालवा! शिवाय वाटेत आडवं येईल ते ओळखून तोंडाने नाव सांगणार, आणि तेही चक्क मराठीत. अपडेटरावांच्या बायकोने त्याला पहिल्याच दिवशी 'कासव' म्हणून टाकलं.

"कासव काय म्हणतेस! दोनशे वस्तू ओळखतो तो!"

"दोनशे? तुम्हाला तर फ्रिजमधलं दही दिसत नाही," बायको म्हणाली.

पण खरी गोम वेगळीच होती. अपडेटरावांना हा पराक्रम जगाला दाखवायचा नव्हता, फक्त साडूभाऊंना दाखवायचा होता.

साडूभाऊंचा फर्निचरचा कारखाना. दोन वर्षांपूर्वी नवा टीव्ही भिंतीवर टांगायला अपडेटरावांनी त्यांच्याकडून ड्रिल मशीन आणि शिडी आणली होती. साडूभाऊंचं म्हणणं, शिडी आली, ड्रिल आलं नाही. अपडेटरावांचं म्हणणं, दोन्ही परत केलं. "मी परत केलं म्हणजे केलं! मी काय ड्रिल उशाशी घेऊन झोपतो?" बायकोने नवऱ्याचा शब्द खरा मानला आणि थोरल्या बहिणीला फोनवर दोन शब्द सुनावले. ताईने चार सुनावले. झालं! आज भाजी कुठली केली यावर तास तास बोलणाऱ्या दोघी बहिणी, आता घरच्या ग्रुपवर एकमेकींना नुसता अंगठा दाखवून मोकळ्या व्हायच्या. त्यांची आई, म्हणजे आपल्या सासूबाई, मधल्या मधे झुरत होत्या.

"रविवारी माझ्या पंच्याहत्तरीला मला काहीही आणू नका," त्यांनी दोन्ही जावयांना बजावलं होतं. "माझ्या दोघी पोरी एका सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेल्या मला बघायच्या आहेत. बास!"

अपडेटरावांचा हिशोब सरळ होता. रोबो बघून साडूभाऊंची बोलती बंद होणार, मग ड्रिलचा विषय निघणारच नाही, आणि विषय निघाला नाही की बहिणी आपोआप बोलायला लागणार.

"तिथे कशाला ते कासव? गुपचूप केक खाऊन येऊ या ना," बायको काकुळतीला आली.

"अगं, तू नुसती बघत राहा!"

रविवारी संध्याकाळी दोघं सासूबाईंकडे पोचली. ताई सोफ्याच्या एका टोकाला बसल्या होत्या. बायको सोफा सोडून पार खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. सासूबाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात साडूभाऊ आतून आले आणि अपडेटरावांच्या हातांकडे बघून म्हणाले, "या या! आजही रिकाम्या हातानेच?"

ताईंनी छताकडे बघितलं. बायकोने पडद्याकडे बघितलं. अपडेटरावांनी मात्र ऐटीत खिशातून फोन काढला आणि तो सासूबाईंच्या टीव्हीला जोडला.

टीव्हीवर त्यांचं घर उमटलं! फरशीपासून चार बोटं उंचीवरून दिसणारं.

"अगं बाई, तुमचं घर एवढं उंच कधी झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"घर तेच आहे, आई. रोबो बुटका आहे. आता बघा!" त्यांनी फोनवर बोट फिरवलं. तिकडे रोबो गुरगुरत निघाला. हॉलच्या मध्यावर थांबला आणि खणखणीत आवाजात बोलला.

"अडथळा ओळखला. चप्पल."

आणि चपलेला वळसा घालून पुढे गेला की हो! सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. ताईंनासुद्धा राहवलं नाही, त्या पुढे सरकून बघायला लागल्या. "अडथळा ओळखला. छत्री." पुन्हा टाळ्या! अपडेटराव फुगले.

"दोनशे वस्तू, आई! आणि एकदाही चूक नाही. माणूस चुकेल, हा चुकणार नाही!"

"माणूस चुकतो, एवढं मान्य आहे ना तुम्हाला?" साडूभाऊ म्हणाले. "बरं, तुमचा हा सोफ्याखाली जातो का?"

"सोफ्याखाली? हातचा मळ!"

रोबो सोफ्याखाली शिरला. दिवा लागला. "अडथळा ओळखला. पट्टा."

पडद्यावर पोट कमी करायचा थरथरणारा पट्टा दिसत होता. खोक्यातून अर्धवट बाहेर आलेला, वरचं प्लॅस्टिकही न काढलेला.

"अहो," खिडकीजवळून बायकोचा आवाज आला, "हा पट्टा तुम्ही कंपनीला परत केला होता ना?"

"केला होता... म्हणजे करणारच होतो..."

"अच्छा! म्हणजे हाही परत केलेलाच का!" साडूभाऊ खूश होऊन म्हणाले.

दुसरा कुणी असता तर इथेच फोन खिशात घातला असता. पण आपले अपडेटराव पडले हट्टी! ते म्हणाले, "सोफ्याचं काय घेऊन बसलात? बेडरूम दाखवतो!"

"बेडरूम नको," बायको एकदम उठून उभी राहिली. "पुरे आता. आई, केक कापायचा ना?"

"दोन मिनिटं गं!"

"पलंगाखाली काय बघायचंय? खोके आहेत नुसते!"

"खोके? कसले खोके?" एवढं म्हणेपर्यंत रोबो पलंगाखाली शिरलाही. "अडथळा ओळखला. खोका. अडथळा ओळखला. खोका." दोन खोक्यांच्या मधल्या फटीतून तो भिंतीकडच्या कोपऱ्यात पोचला, जिथे कधी केरसुणीसुद्धा पोचली नव्हती. तिथे थांबला. आणि ठणकावून बोलला,

"अडथळा ओळखला. हेअर ड्रायर."

पडद्यावर धुळीत आडवी पडलेली एक पिवळीधमक वस्तू होती. पुढे नळी, खाली मूठ, मागे लांबच लांब वायर. आणि मुठीवर साडूभाऊंच्या कारखान्याचं लेबल!



"काय म्हणालं ते?" साडूभाऊंनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

अपडेटराव पेचात पडले. रोबो चुकला म्हणावं, तर आताच हा चुकणार नाही म्हणून छाती ठोकून सांगून झालेलं. नाही चुकला म्हणावं, तर...

"हेअर ड्रायर म्हणाला."

"मग काय आहे ते?"

"हेअर ड्रायरच असणार! मशीन कशाला खोटं बोलेल?"

"कुणाचा?"

"माझा!"

साडूभाऊंनी अपडेटरावांच्या टकलाकडे बघितलं. ताईंनी बघितलं. सासूबाईंनी तर चष्मा वर करून बघितलं. तो चष्माही अपडेटरावांच्याच दुकानातला, त्यामुळे टक्कल अगदी स्वच्छ दिसलं असणार.

"आणि त्यावर माझ्या कारखान्याचं नाव कसं?"

यावर अपडेटराव काही बोलणार, तेवढ्यात ड्रिलची वायर रोबोच्या चाकात गुंडाळली गेली आणि टीव्हीतून केविलवाणा आवाज आला.

"मी अडकलो आहे. कृपया मला सोडवा."

पहिल्यांदा ताईंना हसू फुटलं. मग सासूबाईंना. साडूभाऊ तर पोट धरून भिंतीला टेकले. फक्त बायको हसत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"या माणसासाठी मी माझ्या ताईशी भांडले! दोन वर्षं! ड्रिल आमच्याच पलंगाखाली, आणि मी त्याच्यावर झोपून ताईला नावं ठेवतेय!"

आणि ती तरातरा चालत गेली आणि ताईंच्या शेजारी सोफ्यावर बसली. ताईंनी तिला जवळ ओढलं.

"पुरे गं. मीही काही कमी बोलले नाही. पण ते खोके कसले? त्यांना रंगीत कागद लावलेला दिसला मला."

"तुझ्या वाढदिवसांचे आहेत," बायको नाक ओढत म्हणाली. "मागच्या आणि त्याच्या मागच्या. घेतले, पण द्यायला तोंड कुठे होतं?"

आता ताईंचाही बांध फुटला. दोघी एकदम रडायला आणि एकदम बोलायला लागल्या, कोण काय म्हणतंय ते देवालाच ठाऊक. सासूबाई मात्र टाळ्या पिटत होत्या.

"बसल्या! एका सोफ्यावर बसल्या! कापा रे केक!"

अपडेटराव उठले. साडूभाऊंच्या समोर उभे राहिले.

"साडूभाऊ, चुकलं माझं. शिडी परत केली ना, तीच डोक्यात राहिली. वाटलं, दोन्ही दिलं. उगाच तुम्हाला खोटं पाडत आलो."

साडूभाऊंनी अपडेटरावांच्या पाठीत असा धपका घातला की त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला. "सोडा हो! ड्रिल कारखान्यात ढीगभर आहेत. तुमच्याशी भांडायचं म्हणून तेवढं एक लक्षात ठेवलं होतं!"

झालं, एवढं ऐकलं आणि आपल्या माणसाने कॉलर ताठ केली! चष्मा वर ढकलून ते टीव्हीकडे बोट दाखवत गरजले, "पण एक मान्य करा! दोन वर्षं तुम्हाला सापडलं नाही, मला सापडलं नाही. शोधलं कुणी? दोन बहिणींना एका सोफ्यावर आणलं कुणी? माझ्या रोबोने!"

"कासवाने," सासूबाई म्हणाल्या आणि केकचा पहिला तुकडा अपडेटरावांच्या तोंडात कोंबला. "मलाही एक आणून द्या, जावईबापू."

त्या रात्री अपडेटराव विजयी वीरासारखे घरी आले. आठवड्याभरात सासूबाईंनी कासव घेतलं. साडूभाऊंनी तर कारखान्यासाठी दोन घेतली. दुकानातली गिऱ्हाइकं मशीनवर हनुवटी टेकवून ही विजयगाथा मुकाट्याने ऐकू लागली. ड्रिलचा उल्लेख गाथेत असायचा, लेबलाचा नसायचा.

मग अपडेटरावांचा वाढदिवस आला. दोन्ही बहिणी सकाळपासून सोफ्यावर गप्पा मारत बसलेल्या. साडूभाऊंनी मोठ्या प्रेमाने एक भेट दिली. अपडेटरावांनी सगळ्यांसमोर कागद फाडला. आत नवाकोरा हेअर ड्रायर! हशा असा झाला की हातातला ड्रायर निसटून फरशीवर पडला.

तेवढ्यात रोबो गुरगुरत आला. ड्रायरसमोर थांबला. कपाळावरचा दिवा लावून त्याने त्याला नीट न्याहाळलं.

"अडथळा ओळखला. ड्रिल मशीन."

सगळे अपडेटरावांकडे बघायला लागले. त्यांनी टकलावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले,

"अपडेट येईल."