छज्ज्यावरचा ढब्बू

ढब्बू छज्ज्यावर जाऊन बसला तेव्हा चिंगीच्या आईच्या हातात गरम चहाचा कप होता, आणि तो तिने अजून ओठाला लावला नव्हता.

खालून नवऱ्याची हाक आली. हाक कसली, नुसता "अरे अरे अरे" असा आवाज, मग शांतता, आणि त्या शांततेच्या पोटातून चिंगीचा सूर. हा सूर तिच्या ओळखीचा होता. तो आधी बारीक निघतो, मध्ये श्वासापुरता थांबतो, आणि मग सगळी इमारत डोक्यावर घेतो. तिने कप ओट्यावर ठेवला आणि जिना उतरली.

ढब्बू हा कापडाचा हत्ती. मुळात राखाडी असावा. दोन वर्षांत तो अशा रंगाला पोचला होता की दुकानदाराला दाखवून तसा दुसरा मागायची सोय राहिली नव्हती. त्याला धुवायची कोणाला परवानगी नव्हती. एकदा तिने गुपचूप त्याला बादलीत घातलं होतं, तर चिंगी बादलीला मिठी मारून अशी रडली की तळमजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून विचारायला वर आल्या. दुपारी त्याचा डावा कान नाकाशी धरला की मगच चिंगीचे डोळे मिटत. आणि ते मिटले की घरात जो तासभर उरायचा, तो तिच्या आईचा. त्या तासात ती काही फार मोठं करत नसे. चहा गरम असताना पिई, भिंतीला पाठ टेकून चार पानं वाची, कधी नुसतीच खिडकीबाहेर बघत बसे. पण बाकीचे सगळे तास कुणाकुणाचे होते आणि हा एक तिचा होता.

सुट्टीचा दिवस, म्हणून नवरा चिंगीला खेळवायला अंगणात घेऊन गेला होता. खेळ साधा होता. ढब्बूला वर उडवायचं, झेलायचं, चिंगीने खिदळायचं. एकदा जरा जास्तच जोरात उडवला, आणि ढब्बू पहिल्या मजल्यावरच्या खिडकीच्या छज्ज्यावर, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसला. अगदी आरामात. हवा खायला आल्यासारखा.

"काढतो मी," नवरा म्हणाला.

"कसा?"

"आधी बघू तर दे."

शिडी आणली, ती पुरेना. पहिल्या मजल्यावरचं बिऱ्हाड गावाला गेलेलं, त्यांच्या घराला कुलूप. दुसऱ्या मजल्याला त्या बाजूला खिडकीच नव्हती. मग नवरा तिसऱ्या मजल्यावर, आपल्याच स्वयंपाकघरात गेला, कारण त्यांची खिडकी बरोबर त्या छज्ज्याच्या वर येत होती. खिडकीला जाळी. जाळीतून काठी घातली, ती मध्येच संपली. दोरीला हुक बांधून सोडला, तो ढब्बूच्या पोटात रुतला. पण खालून चिंगीने ते पाहिलं आणि ढब्बूला टोचलं म्हणून जो टाहो फोडला, त्यापुढे हुकाचा विषय कायमचा बंद झाला.

दुपारपर्यंत बदली म्हणून आत्याने दिलेलं बदक पुढे करून पाहिलं. मुठीएवढं, पिवळं, प्लॅस्टिकचं. त्याला बोट लागलं की ते गात असे. बोट लागलं नाही तरी मनात आलं की गात असे. बंद करायची कळ नव्हती. सेलच्या झाकणाला एक स्क्रू होता, आणि त्याने घरातल्या एकाही पेचकसाला कधी दाद दिली नव्हती. चिंगीच्या किती तरी झोपा या बदकाने अर्ध्यात मोडल्या होत्या. चिंगीने बदक घेतलं, त्याचं अर्धं गाणं ऐकलं आणि ते जिन्यावरून सोडून दिलं. ते गात गात खाली गेलं.

याच सुमाराला आबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, तोफेची कल्पना काढली. निदान ते तसं म्हणतात. नवरा म्हणतो कल्पना त्याची, त्याने असलं काहीतरी मोबाइलवर पाहिलं होतं. नळाच्या पाइपात सायकलच्या पंपाने हवा भरायची, पुढे कॉक, कॉकपुढे लांब नळी. नळीत हलकासा चेंडू, चेंडूला दोरी. कॉक झटकन उघडला की चेंडू छज्ज्यावर, दोरी ढब्बूमागून, आणि मग ओढायचं अलगद.

"आणि खिडकीची काच?" तिने विचारलं.

"मोजून मारणार ना," नवरा म्हणाला. तो जमीन मोजणीच्या खात्यात होता. त्याच्या घरात खिळासुद्धा मोजल्याशिवाय ठोकला जात नसे, आणि म्हणून बरेच खिळे ठोकायचे राहिले होते.

आबा निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचं म्हणणं, आधी चित्र काढल्याशिवाय कुठलीही वस्तू करायला घेऊ नये. त्यांनी चिंगीच्या वहीत तोफ काढली, तिला छाया दिली, मागे थोडे ढगही टाकले. नवऱ्याने ते पाहून पाइपाचं माप कुठे आहे असं विचारलं. आबा म्हणाले, माप चित्रातच आहे, बघणाऱ्याला दिसतं. एरवी या दोघांचं पंख्याच्या वेगावरूनही एकमत होत नसे. पण त्या दुपारी दोघं गच्चीवरच्या जुन्या पाइपांच्या ढिगात मांडीला मांडी लावून बसले होते, एकाच्या हाताला पाइप चिकटवायचं सोल्यूशन आणि दुसऱ्याच्या मिशीला. पाइप जोडायचे दोन एल्बो मिळाले, एक टी मिळाला, टोपण मिळालं, सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. चिंगी रडायची विसरून पांढऱ्या टेपचं रीळ उलगडत होती. चिंगीच्या आईने हेल्मेट घालायची अट घातली. घरात हेल्मेट एकच, ते कोणी घालायचं यावर पुन्हा थोडा वेळ गेला. शेवटी आबांनी डोक्यावर पातेलं घेतलं.

अडलं कॉकपाशी. ढिगात कॉक नव्हता आणि सुट्टीमुळे दुकान बंद. नवऱ्याने कठड्यावरून वाकून भिंतीवरच्या पाइपांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आबा, टाकीचा नळ जरा बंद करा."

आबांनी केला. तेवढ्यात नवऱ्याने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीतून हात घालून, बाहेरच्या भिंतीवरच्या पाइपाला लावलेला त्यांचा कॉक फिरवून फिरवून काढून घेतला. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता.

टाकीचा नळ सगळ्या इमारतीचा एक होता, हे दोघांनाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं यात फरक असतो.

तोफ अंगणात मांडली गेली. नवऱ्याने ऑफिसातला कोन मापायचा चकतीसारखा जिन्नस आणला होता. तो लावून त्याने कोन धरला, आबांनी डोळा बारीक करून अंगठा पुढे धरला आणि कोन चुकला आहे असं सांगितलं. नवऱ्याने पंप मारला. कॉक उघडला. फुस्स असा मोठा सुस्कारा निघाला आणि चेंडू दोरीसकट आबांच्या पातेल्याला टण्ण करून लागला. चिंगी आनंदाने जमिनीवर बसली. दुसऱ्या वेळी चेंडू गेला, पण दोरी तुटून. तो छज्ज्यावर जाऊन ढब्बूच्या शेजारी टेकला. मग एक बटाटा गेला. मग नवऱ्याच्या मोज्यांचा गोळा. नेम आता इतका छान बसू लागला होता की जे पाठवावं ते छज्ज्यावरच राहत होतं. ढब्बूकडे पाहुणे जमावेत तसं दृश्य दिसत होतं.

"बघ, नेम सापडलाय," नवरा म्हणाला.

"ढब्बू सापडायचाय," ती म्हणाली.

चिंगीचे डोळे जड व्हायला लागले होते. हात हवेत कान शोधत होता. झोपेची वेळ टळत चालली की ही मुलगी पुढे संध्याकाळभर काय करते, ते सगळ्या घराला पाठ होतं. ती चिंगीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होती, आणि मनातल्या मनात आपला तास हळूहळू विरघळताना बघत होती. वर ओट्यावर चहावर साय धरली असेल, एवढंच तिला त्या क्षणी दिसत होतं.

तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडून काकू आल्या.

त्यांच्या खांद्यावर जुना टॉवेल होता आणि डोक्यावर काळा लेप. केस उभे, चेहरा घट्ट. शाळेतल्या मैत्रिणी त्यांना त्या संध्याकाळी कित्येक वर्षांनी भेटणार होत्या, आणि त्यासाठी त्यांनी केसांना रंग लावला होता. तो धुवायला नळ उघडला, तर नळाने खोकून नकार दिला होता.

"पाणी कोणी घालवलं?" काकूंनी विचारलं. आवाज शांत होता, म्हणून सगळे जास्त घाबरले.

नवऱ्याने सांगायला सुरुवात केली. कॉक, हवा, कोन, ढब्बू, असं करत तो शेवटी म्हणाला की ढब्बू निघाला की कॉक लगेच जागेवर.

"आणि हत्ती नाही निघाला तर मी मैत्रिणींकडे अशी जाऊ? डब्यावर लिहिलंय, जास्त वेळ ठेवू नये म्हणून. कान काळे झालेत माझे, बघ."

घरात भरून ठेवलेलं पाणी द्यायला ती लगबगीने निघाली होती, पण चिंगी खांद्यावर आता गळा काढायच्या बेतात. काकू भिंतीशी जाऊन, छज्ज्याखाली उभ्या राहून वर पाहत होत्या. त्यांना तो हत्ती एकदा डोळे भरून बघायचा होता. वर मोजे, बटाटा, चेंडू आणि मध्ये ढब्बू.

आबांना काकूंची दया आली. चित्रकलेचा माणूस, रंगाचं दुःख त्यांना कळत होतं. ते कोणाला काही न बोलता पातेल्यासकट जिना चढले. आपल्या एका घराचा कॉक काढलाय, तर फार तर आपल्या एका नळाला पाणी येणार नाही, असा त्यांचा हिशेब. पाइपाचं तोंड बाहेर भिंतीवर उघडं राहिलंय आणि पाण्याला ते आधी सापडेल, हे त्यांच्या चित्रात नव्हतं. त्यांनी टाकीचा नळ पूर्ण उघडला.

तिसऱ्या मजल्यावरच्या उघड्या पाइपातून पाण्याचा जाड लोट भिंतीला घासत खाली आला. तो छज्ज्यावर आपटला. आधी बटाटा आला, मग चेंडू, मग मोजे. मग ढब्बू, पाय पसरलेल्याच अवस्थेत, पाण्यावरून घसरत आला आणि काकूंच्या पसरलेल्या हातात पडला. त्याच्या मागोमाग टाकीचं सगळं पाणी काकूंच्या डोक्यावर.

नवरा वर धावला. आबांना हाक गेली. पाणी थांबेपर्यंत काकूंचे केस स्वच्छ धुऊन निघाले होते, आणि अंगणातून काळ्या पाण्याचा ओघळ गटाराकडे चालला होता. काकू तशाच उभ्या. टॉवेलने त्यांनी आधी ढब्बूला पुसलं, मग आपले कान.

"रंग बसलाय का बघ गं," त्या म्हणाल्या.

ती जवळ गेली, केस हातात घेऊन उजेडात बघितले. रंग सुरेख बसला होता. तिने तसं सांगितलं. काकूंच्या ओठाचा एक कोपरा हलला, दुसरा बराच वेळ हलेना, आणि मग त्या जिन्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसल्या. हे काम वरच्या खिडकीतून ओतलेल्या एका बादलीभर पाण्यात सकाळीच झालं असतं, हे तिला आणि काकूंना एकदमच सुचलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुरुष इतके खुशीत होते की बोलून दाखवायचं दोघींच्याही जिवावर आलं.

खरी धास्ती पुढेच होती. ढब्बू धुतला गेला होता. पहिल्यांदाच पुरता. त्याला पिळलं, पंख्याखाली वाळवला, दमट होता तरी चिंगीला दिला. चिंगीने डावा कान नाकाशी नेला. हुंगला. पुन्हा हुंगला. मग ढब्बूला लांब धरून त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि आईच्या हातात परत दिला.

"हा नाही," ती म्हणाली.

तिचे ओठ थरथरायला लागले होते. आबा आपलं रोजचं गुडघ्याला लावायचं मलम शोधत तिथेच वावरत होते. जिने चढून-उतरून त्यांचे गुडघे धरले होते. त्यांनी मलम लावलं, आणि त्याच हातांनी ढब्बूला उचलून म्हणाले, "दे इकडे, मी समजावतो त्याला." आणि कान जरा चोळून चिंगीला परत दिला.

चिंगीने हुंगला. डोळे मिटले. अंगठा तोंडात गेला.

दोन वर्षं चिंगीची आई ज्या वासाला मळ समजत होती, धुवायला टपली होती, तो आबांच्या गुडघ्यांचा वास होता. पोर जन्मल्यापासून रोज त्यांच्या मांडीवर खेळत आली होती. आईने वाकून ढब्बूचा कान हुंगला. नाकात झणझणीत गेलं, डोळ्यांत पाणी आलं. मलमामुळेच असेल.

मग तिने चहा पुन्हा गरम केला, भिंतीला पाठ टेकली आणि पुस्तक उघडलं. पहिलं पान अर्ध्यावर आलं असेल नसेल, कोणीतरी जिन्यातून उचलून कपाटावर ठेवलेलं बदक गायला लागलं. कोणी हात लावला नव्हता. चिंगीची पापणी हलली. आईने बदक झटकन पदरात गुंडाळलं आणि श्वास रोखून उभी राहिली. पदरातलं गाणं संपलं. चिंगी झोपलेलीच.

अंगणात दोघं तोफेचं सामान आवरत होते. नवरा तोफेतून सोडवलेला कॉक हातात खेळवत होता, जागेवर लावायची त्याला घाई दिसत नव्हती. आबा नळीवर मायेने फडकं फिरवत होते. तिला खाली आलेली बघून दोघांचे चेहरे पोरांसारखे पडले.

"लावतोच आता," नवरा म्हणाला.

"लाव ना, घाई नाही," ती म्हणाली. काकू मैत्रिणींकडे गेल्या होत्या. तिने एकदा वर छज्ज्याकडे बघितलं. मग पदर सोडून मुठीतली पिवळी वस्तू नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"हे बसतं का बघा नळीत. त्या छज्ज्याच्याही पुढे जाईल, इतकी हवा भरा."