शून्याला जागा उरली नाही

सेन्यो डोत्सेची बायको यायरा गेल्याचं केटा गावच्या इस्पितळातून सकाळी कळलं आणि दुपारपर्यंत त्याचं अंगण नातेवाइकांनी भरलं. एवढ्या गोतावळ्याला फोन कोण करणार, यावरून जुंपली. सेन्यो म्हणाला, निरोप माझा प्रोग्राम पाठवेल. पाण्याच्या मीटरचे प्रोग्राम सी भाषेत लिहिण्यात त्याची हयात गेली होती.

"माझ्या हातून आजवर एक अक्षर डब्याबाहेर सांडलेलं नाही," तो म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलंच धड वाक्य.

खोटं नव्हतं ते. मेमरीत प्रत्येक नावाला ठरावीक मापाचा डबा असतो. सेन्योचं फंक्शन त्या मापापलीकडे एक अक्षर उतरवत नसे. नाव संपलं की शेवटी खुणेचं शून्य; अक्षरांवरून बोटासारखा सरकणारा पॉइंटर ते दिसेपर्यंत चालत राहतो.

पण नाव ठरवणार यायराची आत्या. गेलेल्या बाईचं नाव आखूड आलं तर माहेरची अब्रू जाते, म्हणून ती हटून बसली. मंगळवारी जन्मली म्हणून पडलेलं नाव घाला, माहेरचं घाला, चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षा होती तेही घाला. डबा काठोकाठ भरला. शून्याला जागाच उरली नाही. पॉइंटर बिचारा थांबणार कुठे? तो सरळ शेजारच्या डब्यात शिरला. तिथे नवऱ्याचं नाव होतं.

निरोपात दोन्ही नावं एकामागोमाग गेली. लोकांनी दोघंही गेली असं धरलं. शवपेटीवाल्यानं फोन करून विचारलं, नवऱ्याच्या पेटीचं माप कोण देणार? सेन्योनं गोंधळून स्वतःची उंची सांगितली.

तेवढ्यात कचेरीतला कोमला सुतकाचं लाल-काळं नेसून, रडत रडत आला. फाटक सेन्योनंच उघडलं. कोमला मटकन खाली बसला.

"अरे, तू गेलास ना?"

"नाही."

"मग निरोप?"

"शून्य घालायचं राहिलं."

आत्या मागून म्हणाली, "जावईबापू, मेल्या माणसानं फाटक उघडायचं नसतं. आत या, दोन घास खा."

सारं अंगण हसलं. सेन्योही हसला, आणि मग त्याला थांबता येईना. आत्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

पाणी पिऊन कोमलानं सांगितलं, एका ओळीचं काम आहे. शून्य टाक आणि दुरुस्तीचा निरोप पाठव. सेन्योनं डब्याची शेवटची जागा शून्यासाठी राखून ठेवली. मग निरोप लिहायला घेतला. लिहायचं एवढंच होतं, की यायरा एकटीच गेली, सेन्यो मागे उरला आहे.

तिला माती देऊन झाली. तो निरोप अजून पाठवायचा आहे.