ट्रक बाजूला घे

मुलाचा जुना लॅपटॉप इतका मंदावला होता, की निवृत्त ग्रंथपाल तो सुरू करून चहा टाकत, पिऊन कप विसळत, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असे.

"विंडोज काढा, लिनक्स टाका. हलकं असतं," मुलगा फोनवर म्हणाला.

"कुठलं टाकू?"

"कुठलंही. मीटिंग आहे बाबा, ठेवतो."

लिनक्सचे ढीगभर प्रकार निघाले. ग्रंथपालांनी सगळ्यांची माहिती वाचली आणि शेवटी मुखपृष्ठ बघून एक निवडलं. आयुष्यभर वाचकांना जे करू नका म्हणून सांगितलं, नेमकं तेच.

'संपूर्ण डिस्क पुसायची का?' लॅपटॉपने विचारलं. कपाट पुसल्याशिवाय पुस्तकं लावायची नाहीत, हा त्यांचा नियम. त्यांनी 'हो' दाबलं. विंडोज गेलं, रविवारी ज्यावर मुलाचा चेहरा दिसायचा ते व्हिडिओ कॉलचं बटणही गेलं.

त्या जागी आल्या तलवारी, राक्षस आणि ट्रक. ते गेम खेळणाऱ्यांचं लिनक्स होतं. त्याने आधी नाव मागितलं. ग्रंथपालांनी 'खटारा' लिहिलं. मग मित्राचं नाव मागितलं. ग्रंथपाल बराच वेळ विचार करत बसले. शेवटी लॅपटॉपच्या झाकणावर मुलाने चिकटवलेलं त्याचं गेममधलं नाव लिहिलं: 'तुफान'.

मैत्री तत्काळ मंजूर झाली. इतक्या तत्परतेने मुलाने त्यांचं काहीच कधी मान्य केलं नव्हतं.

'तुफान आत्ता ट्रक चालवत आहे.'

त्यांनी फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे बाबा," मुलगा कुजबुजला. मागे हॉर्न वाजला.

ग्रंथपालांनीही ट्रक काढला.

"ए खटारा, बैलगाडी आहे का ती?" लॅपटॉपमधून मुलाचा खणखणीत आवाज आला. "गिअर बदल! हां, शाब्बास!"

आवाज ओळखू येईल म्हणून ग्रंथपाल फक्त टाइप करत. आता रोज संध्याकाळी मुलगा पुढे, ते मागे. मुलगा ऑफिसबद्दल बोले, गुडघेदुखीबद्दल बोले. त्याचा गुडघा दुखतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"तुझ्याशी बरं बोलता येतं रे," एकदा तो म्हणाला. "बाबांना फोन केला की काय बोलावं तेच सुचत नाही. मग मीटिंग आहे म्हणतो."

'त्यांनाही सुचत नसेल, बाळ्या,' ग्रंथपालांनी लिहिलं. एंटर दाबल्यावर त्यांनी जीभ चावली. बाळ्या हे घरातलं नाव.

पुढचा ट्रक भर रस्त्यात थांबला. बराच वेळ थांबला. मग टेबलावरचा फोन वाजला.

"बाबा... मीटिंग संपली."

"बरं," ग्रंथपाल म्हणाले. "आधी ट्रक बाजूला घे. मागे रांग लागलीय."