निशिगंधाबाईंच्या डाव्या नाकपुडीवरील मोहीम

पुणे मुक्कामाहून सासूबाईसाहेबांनी आज्ञा केली की, सूनबाईचे नाक अखेर कैसे टोचले आणि वाटेत कोणी कोणी कच खाल्ली, ते काही न झाकता लिहोन पाठवणे. सबब ही हकीकत चिरंजीवांची भीड न धरिता सादर केली असे.

निशिगंधाबाई, वस्ती सातासमुद्रापार मौजे रोटोटुना, यांचे बंधू देवव्रत यांचे लग्न ठरले, आणि सासरची मोत्यांची नथ करवलीचे नाकी झळकावी ऐसा मनसुबा जाहला. परंतु नाकास भोक नाही. गेल्या गणपतीत दाबाची नथ आरतीमध्येच सुटोन शिऱ्यात पडली, आणि ती अब्रू सर्व मंडळाने चमच्यांनी शोधली. सुईचे भय तर ऐसे की, बाईसाहेब दोनदा नाक टोचण्याच्या दुकानाचे दारातून माघारी फिरल्या.

मग यजमान मकरंदराव, सॉफ्टवेअरमधील इतरांच्या चुका काढणे हा ज्यांचा पेशा, यांनी आपलाच हात रणभूमी नेमिला. एके जागी बर्फ, दुसरीस बधिर करणारे पातळ मलम, तिसरीस तैसेच केमिस्टाकडील जाड मलम तासभर प्लॅस्टिकखाली दडपले, आणि बाईसाहेबांचे हस्ते टाचणी टोचवोन घेतली. बर्फाने हात गारठला, कळ तैशीच. पातळ मलमाने अर्धामुर्धा तह केला. जाड मलमाखाली टाचणी कधी आली नि कधी गेली, खबर नाही. बाईसाहेबांनी खात्रीस्तव आणखी टोचोन पाहिली. त्यात काही जुनी बाकीही वसूल जाहली, ऐसा आमचा अदमास.

शनिवारी रावांनी समोर उभे राहोन नाकास जाड मलम स्वहस्ते चोपडिले, आणि स्वारी नाक टोचणारीचे दुकानी दाखल जाहली. तेथील मिरियामाबाईंनी "किआ ओरा" ऐसा तेथील रिवाजाचा नमस्कार करोन खुर्ची दिली आणि कोणती बाजू, ऐसे पुसिले. डावी, ऐसे उत्तर गेले. बोट लावून पाहती, तो डावी पूर्ण शुद्धीत; बधिर होती ती उजवी. मिरियामा म्हणाली, उजवी करू, स्वीट ॲज, म्हणजे काही बिघडत नाही. रावांनी तत्काळ रुकार दिला. परंतु नथ घडली डावीसाठी.

"मकरंद, तू टेस्टर ना रे? मांडवातसुद्धा चुकीच्या बाजूला उभा राहिलास. भटजींनी दंड धरून फिरवलं तुला, फोटो आहेत."

"अगं, समोरून बघितलं की..."

"समोरूनच बघत आलायस पंधरा वर्षं. माझ्या बाजूनं एकदा तरी बघ."

मिरियामास मराठीचा गंध नाही, परंतु कसब पक्के. तिने पुसिले, करू का. बाईंनी हात हालवोन "येस, येस" म्हणोन रावांवर पुन्हा चाल केली, आणि भाच्याच्या मुंजीचा विषय उघडिला. तो संपवोन, डोळे पुसोन, बाईंनी विचारिले की, कधी करणार. मिरियामाने आरसा दिला. खडा डावीकडे बसला होता.

येणेप्रमाणे डावी नाकपुडी बिनमलम सर जाहली. तुलनेचा निकाल ऐसा की, जाड मलम उत्तम, लावणारा मध्यम, आणि संताप दोहोंहून गुणकारी. रावांनी परतताना गाडीत श्रेयाचा अर्ज केला, तो नामंजूर जाहला. मात्र इतका हुकूम निघाला की, यापुढे बाईसाहेबांचे भल्यासाठी काही करणे तर रावांनी समोर नव्हे, शेजारी उभे राहोन करावे. राव गाडीतून उतरताच तैसे उभे राहिले. बाजू बरोबर होती, ऐसे पाहोन लिहिले असे.