पोह्यांची बशी आणि तोंडी परीक्षा

पाहुणे आणि परीक्षा एकाच वेळी घरात शिरले, हे पाप लोडशेडिंगचं. बदलापुरात त्या उन्हाळ्यात दुपारची लाइट चारला यायची. म्हणून स्वप्नालीने सागर आणि किनारा विज्ञानाच्या ऑनलाइन एमएस्सीची तोंडी परीक्षा चारची मागून घेतली होती. आणि पंख्याशिवाय पाहुणे बसवायचे कसे, म्हणून तिच्या आईने, अंजनीबाईंनी, मुलाकडच्यांनाही चारलाच बोलावलं होतं. एकमेकींना सांगायचं तेवढं दोघींकडून राहून गेलं.

“जयभीम!” म्हणत मुलाचे मामा धर्मराज आत आले. मागोमाग मुलाची आई विठाबाई आणि खुद्द मुलगा, सम्यक.

“आई, आज? गेल्या वेळी लाइट गेली म्हणून परीक्षा बुडाली. आता बुडाली तर डिग्रीच गेली!”

“मग काय त्यांना जिन्यात उभं करू? उल्हासनगरवरून आलेत बिचारे.”

घर वन रूम किचन, आणि इंटरनेटची वायर जेमतेम हॉलपर्यंत. शेवटी पाहुण्यांना कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असं बाजूच्या भिंतीशी ओळीने बसवलं. बोलायचं नाही, पोहेसुद्धा गुपचूप खायचे, अशी तंबी मिळाली.

पडद्यावर परीक्षक मॅडम आल्या. पहिले प्रश्न झकास गेले. मग एका प्रश्नाला स्वप्नाली अडखळली. मामांना तिची दया आली. पोरगी उपाशी दिसते, असं वाटून त्यांनी आपली बशी हळूच पुढे सरकवली.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “तो हात कोणाचा?”

हात बशीसकट गायब झाला.

“कॅमेरा फिरवा.”

फिरवला. तोंडात पोहे धरून तिघे कॅमेऱ्याकडे बघत होते.

“हे तुम्हाला उत्तरं सांगतायत? परीक्षा रद्द करावी लागेल.”

स्वप्नाली ओरडलीच, “नाही मॅडम! हे मला बघायला आलेत!”

“असं? यांना विषय किती येतो, तेच बघू. मामा, खारफुटीचा किनाऱ्याला उपयोग काय?”

“आपला सब्जेक्ट नाय तो,” मामा म्हणाले. “भाजी होत असंल.”

“लाटा कशाने येतात?”

“जहाजं जातात ना तिकडनं,” विठाबाई ठामपणे म्हणाल्या.

सम्यक कॉम्प्युटर इंजिनियर. तो उभाच राहिला.

“ओहोटीचं पाणी जातं कुठे?”

“मॅम... जमिनीत मुरतं?”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. “यांनी मदत केली असती, तर तुम्ही केव्हाच नापास झाला असता. बसू द्या त्यांना. पुढचा प्रश्न.”

शेवटी “अभिनंदन, पास!” ऐकू आलं, तोवर लाइटही टिकली होती. स्वप्नालीला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की बघायला आलेल्यांसमोरच तिने मामांची बशी ओढली आणि बकाबका पोहे खाल्ले. अंजनीबाईंनी डोळे वटारले खरे, पण ते आनंदाने भरूनही आले होते.

आता प्रश्न विचारायची पाळी मुलाकडच्यांची. पण कोणाला एकही सुचेना.

“मुलगी पसंत आहे आपल्याला,” मामा घाईघाईने म्हणाले. “तुमचं काय?”

अंजनीबाईंनी पदर सावरला. पुढचं वाक्य आजवर त्यांनी फक्त मुलाकडच्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

“घरी विचारून कळवतो.”

“पण तुम्ही घरीच बसलाय ना?” विठाबाई गडबडल्या.

दारात चपला घालता घालता सम्यक मागे राहिला आणि स्वप्नालीला हळूच म्हणाला, “पाण्याचं उत्तर चुकलं ना? रिएक्झाम मिळेल का?”