दुसऱ्या सिलिंडरची उचकी

शरयूताई गद्र्यांची गाडी थंडीभर शेडमध्ये झाकून ठेवली होती. ती बाहेर काढली तेव्हा तिला उचक्या लागल्या, म्हणजे कुणीतरी तिची आठवण काढत होतं. एवढं पाचगणीत कुणीही सांगितलं असतं. आठवण काढणारा कोण, हे शोधून काढणं मात्र मेकॅनिकचं काम, म्हणून त्यांनी दस्तगीर मुलाणींना बोलावून घेतलं.

दस्तगीर मिस्त्रींना आपल्याआधी कुणी रोग ओळखलेला खपत नसे. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच शरयूताईंना गप्प केलं.

"उचकी हाय का कचरा, त्ये म्या ठरवनार. थंडीभर हुबी ऱ्हायलेली गाडी म्हंजी आदी कचराच निगतो, बाई."

त्यांनी टाकीतलं शिळं पेट्रोल काढून नवं भरलं. कार्बोरेटर फुंकला. चारही प्लग काढून पॉलिश पेपरने घासले, वायरी उंदरांनी कुरतडल्यात का पाहिलं, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतला ओलावा फडक्याने टिपला. हे सगळं अगदी रीतसर झालं आणि गाडी सुरू केल्यावर इंजिनाने तीन ठोके नीट दिले, चौथा गिळला, पुन्हा तीन दिले, पुन्हा एक गिळला. अख्खी गाडी हिसके देत होती. दस्तगीर मिस्त्री थोडा वेळ तिच्याकडे रागाने बघत राहिले.

"उचकीच हाय," ते म्हणाले. मघाशी हेच कुणी सांगितलं होतं हे ते सोयीस्कर विसरले, आणि शरयूताईंनीही आठवण करून दिली नाही. त्यांना आज भांडायला सवड नव्हती.

आज दुपारपर्यंत त्यांना साताऱ्याला पोचायचं होतं. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या यजमानांच्या मेंदूला झटका आला. हातपाय सावरले, पण आठवण गेली ती गेलीच. बायको समोर बसली तरी ते "या, बसा" म्हणून परक्या बाईशी बोलावं तसं बोलत. त्यांना पाचगणीची थंडी सोसणार नाही म्हणून दोघंही साताऱ्याला लेकीकडे जाऊन राहिली, आणि तिथेच लेकीने, रेवतीने, पुण्याच्या एका केंद्राची गोष्ट काढली. तिथे अशी माणसं कायमची ठेवून घेतात. "आई, बाबांना घरच आठवत नाही," रेवती म्हणाली होती. "मग त्यांना घर काय आणि केंद्र काय, सारखंच ना?" ती वाईट मनाने बोलली नव्हती, आणि शरयूताईंनी होकार दिला होता. केंद्राची गाडी आज संध्याकाळी यायची होती. त्याआधी यजमानांचे कपडे घेऊन जायला त्या एसटीने पाचगणीला आल्या होत्या, आणि कपड्यांची बॅग आता मागच्या सीटवर तयार होती. ती भरताना त्या रडल्या होत्या.

उचकीवरचे घरगुती उपाय आधी करायचे असतात, ते झाले. रेडिएटरला गार पाणी पाजलं. हवेच्या तोंडावर तळवा दाबून इंजिनाचा दम कोंडून पाहिला. गाडी बेसावध आहेसं बघून दस्तगीर मिस्त्रींनी मागे जाऊन डिकीवर थाप मारली. गाडी दचकली, पण उचकी तशीच. कुंपणापलीकडून कामतवहिनी म्हणाल्या, "चमचाभर साखर घाला की टाकीत."

"साखरेनं इंजिन बसंल, वैनी. मानसाचं येगळं, मोटारीचं येगळं," दस्तगीर मिस्त्री म्हणाले. मग ते शरयूताईंकडे वळले. "आता नावं घ्याया लागतील. पर आदी सिलिंडर बगू."

ही पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. पहिला सिलिंडर चालवणाऱ्याचा, दुसरा त्याच्या शेजारच्या सीटचा, तिसरा-चौथा मागच्या दोघांचा. आठवण काढणारा ज्या सीटवर बसत असे, त्याचाच ठोका चुकतो. दस्तगीर मिस्त्रींनी चालू इंजिनातून पहिल्या प्लगची वायर पकडीने उपसली. इंजिन मरायला टेकलं, म्हणजे पहिला ठणठणीत होता. ती परत बसवून त्यांनी दुसरी उपसली. काही म्हणता काही फरक पडला नाही.

"दुसरा," ते म्हणाले. "त्येची पाळी चौथी येती. चालवनाराच्या बाजूला कोनकोन बसायचं?"

गाडी शरयूताईच चालवत. शाळेत गणित शिकवायच्या तेव्हापासून या रस्त्यांवर त्यांनी गाडी हाकली होती, त्यामुळे शेजारी बसलेली माणसं पुष्कळ होती. त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि एकेक नाव मोठ्याने घेऊ लागल्या. नाव गाडीच्या मालकानेच घ्यावं लागतं, आणि आरसी बुकावर त्यांचंच नाव होतं.

"रेवती."

इंजिन उचकलं.

"मंगला वन्सं. आमचे हेडमास्तर, कुलकर्णी सर."

"सर तर वारले न्हवं?" बॉनेटआडून आवाज आला.

"अगंबाई, हो."

"मग त्ये नगंत. गेलेल्या मानसानं आटवन काडली की उचकी लागत न्हाई, हॉर्न वाजतो. म्होरं."

त्यांनी भाचीचं नाव घेतलं. दवाखान्यात नेलेल्या बाळंतिणीचं घेतलं. नर्सरीवाल्या पारठ्यांचं घेतलं, ते एकदा मांडीवर स्ट्रॉबेरीच्या पाट्या घेऊन वाईपर्यंत आले होते. कामतवहिनींनी आपलंही नाव घ्यायला लावलं आणि उपयोग झाला नाही तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. इंजिन प्रत्येक नाव शांतपणे ऐकून घेई आणि चौथा ठोका गिळून टाकी.

नावं संपली. दस्तगीर मिस्त्रींनी बॉनेटखालून डोकं वर काढलं.

"आनि तुमचं मालक?"

"त्यांचं काय?"

"बाजूला कोन बसायचं सारकं? मालकच न्हवं?"

प्रश्न सरळ होता. भालचंद्र गद्रे उभ्या आयुष्यात गाडी शिकले नाहीत. बायकोच्या शेजारी बसून "गियर, गियर" म्हणण्यातच त्यांनी ते वाहन वापरलं होतं.

"मिस्त्री, त्यांना काही आठवत नाही," शरयूताई म्हणाल्या. "मला ओळखत नाहीत. स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही त्यांना."

"नाव त्येंनी कुटं सांगायचंय? तुमी घ्यायचंय."

शरयूताई स्टिअरिंगकडे बघत बसल्या. दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या होत्या. एक म्हणजे, नाव घेऊन उचकी थांबली नाही तर उरलीसुरली आशाही जाईल. इतके दिवस लोक सांगत होते, आता गाडीही सांगेल. आणि दुसरी जरा लाजिरवाणी होती. त्यांनी नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलंच नव्हतं. वर्गातल्या पोरांना वर्गमूळ काढायला लावणारी ही बाई घरात मात्र "अहो" आणि बाहेर "आमचे हे" यावर आजवर भागवत आली होती. यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. लग्नानंतर सवय लागली नाही, आणि मग लाज वाटायला लागली.

"हे," त्या म्हणाल्या.

इंजिन उचकलं.

"आमचे गद्रे."

"गद्रे तुमीबी हायसा, बाई," दस्तगीर मिस्त्री म्हणाले. "मोटारीनं कसं वळकायचं? त्येंचं सोताचं नाव पायजे."

शरयूताईंनी कामतवहिनींकडे पाहिलं. कामतवहिनींनी तोंड फिरवून जास्वंदीला पाणी घालायला घेतलं, पण कान इकडेच ठेवले. "भा..." एवढं म्हणून शरयूताईंना ठसका लागला. दुसऱ्यांदा तेवढंही आलं नाही. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की हे नाव आपल्या तोंडून फक्त एकाच रस्त्याने बाहेर पडतं, आणि तो रस्ता हळदीकुंकवातून जातो. त्यांनी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

"वळणामागं वळण, असा पसरणीचा घाट,
भालचंद्रराव साताऱ्यात बघत असतील वाट."

इंजिनाने एक ठोका दिला. दुसरा दिला. तिसरा दिला. चौथा दिला.

दस्तगीर मिस्त्रींनी हात वर करून सगळ्यांना थांबायला सांगितलं, जणू कुणी बोलत होतं. इंजिन एकसारखं, मऊ चालत राहिलं. त्यांनी दुसऱ्या प्लगची वायर उपसून पाहिली, तसं इंजिन चटकन आचके देऊ लागलं. वायर बसवली, इंजिन पुन्हा सुरळीत.

"मालकच," ते म्हणाले.

शरयूताईंनी गाडी बंद केली नाही. त्या तशाच बसून राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतके महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी जड उचलून कुणी बाजूला ठेवलं होतं. त्यांना मोकळा श्वास घेता येत होता, आणि आपण इतके दिवस तो घेतला नव्हता हेही आत्ताच कळत होतं.

मग एकदम घाबरून त्यांनी विचारलं, "मिस्त्री, उचकी थांबली म्हणजे आठवण थांबली का हो?"

"छ्या! निरोप पोचला, येवडंच. मानूस आटवन काडतच ऱ्हातं की."

शरयूताईंनी लगेच रेवतीला फोन लावला.

"रेवती, केंद्राच्या गाडीला येऊ नको म्हणून सांग. बाबांना मी घरी आणणार आहे."

"आई, आपलं बोलणं झालंय यावर. त्यांना घर..."

"आठवतं. निदान गाडी तरी आठवते. उचक्या लागल्या होत्या तिला."

रेवती हिशेबी मुलगी होती.

"कितव्या सिलिंडरला?"

"दुसऱ्या."

"नाव कुणी घेतलंस, तूच? म्हणजे... बाबांचं?"

"घेतलं."

"बापरे," रेवती म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. "आई, मी सकाळपासून त्यांच्याजवळ बसलेय गं. ते नुसते खिडकीतून रस्त्याकडे बघतायत. मला वाटलं, असेच बघतायत." तिने नाक ओढलं. "मी केंद्राला कळवते. आणि मेकॅनिककडून लिहून आण, डॉक्टरांना दाखवावं लागेल."

दस्तगीर मिस्त्रींनी बिलाच्या मागे लिहून दिलं की दुसऱ्या सिलिंडरला उचकी होती, प्लग व वायर निर्दोष, भालचंद्र गद्रे यांचे नाव घेताच बंद. खाली सही ठोकली आणि ग्रीसचा अंगठा आपोआप उठला. मागच्या सीटवरची बॅग शरयूताईंनी घरात नेऊन ठेवली, कारण कपडे आता इथेच लागणार होते.

"घाटात परत लागली तर घाबरू नगा," दस्तगीर मिस्त्री खिडकीत वाकून म्हणाले. "नाव घ्या, लगीच बंद हुईल."

गाडी सिल्व्हर ओकच्या रांगांमधून सरळ आणि गुळगुळीत निघाली. पसरणीच्या घाटात, खाली वाईचा सपाट तुकडा दिसू लागतो त्या वळणावर, तिला पुन्हा उचकी लागली. तीन ठोके नीट, चौथा नाही. शरयूताईंनी नाव घ्यायला तोंड उघडलं.

मग मिटलं. त्यांनी गाडी डाव्या अंगाला घेतली, दुसऱ्या गियरमध्ये टाकली आणि उचकू दिली. मागे एसटीने हॉर्न दिला, तिला त्यांनी हात दाखवून पुढे जायला सांगितलं. त्यांना नाव घ्यायची काही घाई नव्हती.